नवी पाल खात नाही, किंवा खायला लागून पुन्हा थांबते: आधी टाकी तपासा

पहिल्यांदाच लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल) किंवा बेअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) घरी आणणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. आणल्यावर एक-दोन दिवस ठीक, मग खाणं बंद. प्राणी दिवसभर एका कोपऱ्यात पडून. रातकिडे टाकीत मजेत फिरतायत आणि ज्याने त्यांना खायचं तो ढिम्म. चार-पाच दिवस गेले की मनात शंकेची पाल चुकचुकायला लागते. काचेतली मात्र गप्पच असते. मग कुणी सांगतं म्हणून किडे बदलून बघितले जातात, व्हिटॅमिनचे थेंब आणले जातात, तोंड उघडून भरवण्यापर्यंत मजल जाते. दोन घास पोटात जातात, सगळ्यांना हायसं वाटतं आणि पंधरवड्यात पुन्हा तोच प्रकार.

अशा वेळी भुकेच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. टाकी तपासायची, आणि टाकीतही सगळ्यात आधी उष्णता. पाल-सरड्यांना स्वतःच्या शरीरात ऊब तयार करता येत नाही. अन्न पचवायला लागणारी उष्णता ते बाहेरून घेतात. ती मिळाली नाही तर पोटातला किडा पचत नाही, तसाच पडून राहून सडतो किंवा उलटून बाहेर येतो. त्यामुळे थंड टाकीतली पाल खात नाही हे तिच्या दृष्टीने शहाणपणाचंच आहे. अशा पालीला जबरदस्तीने भरवणं म्हणजे रोगाहून औषध भारी.

मोजायचं कशाने

टाकीच्या काचेवर चिकटवायचं गोल काट्याचं थर्मामीटर मिळतं. ते काढून ठेवा. ते काचेचं आणि त्यालगतच्या हवेचं तापमान सांगतं, तेही अंदाजपंचे. पाल ज्या दगडावर पोट टेकते त्या दगडाचं तापमान त्यातून कळत नाही. दोन साधनं हवीत: वायर असलेला डिजिटल प्रोब (वायरच्या टोकाशी तापमान मोजणारं साधन) आणि पृष्ठभागाचं तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन.

गन वापरताना एक गोष्ट हमखास चुकते. लोक बाहेर उभं राहून काचेतून आत नेम धरतात. इन्फ्रारेड किरण काचेतून आरपार जात नाहीत, त्यामुळे गनवर आकडा दिसतो तो काचेचा. झाकण किंवा दार उघडा, गन आत धरा, फार लांबून मोजू नका. चकचकीत धातूवरही ती फसते. दगड, फरशी, लाकूड यांवर बरोबर सांगते.

आता तीन ठिकाणी मोजा: उबदार टोकाला प्राणी बसतो नेमक्या त्या जागी, टाकीच्या मध्यावर आणि थंड टोकाला. लेपर्ड गेकोसाठी उबदार पृष्ठभाग ३१ ते ३४ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २४ ते २६ अंश असावी. रात्री २०-२१ पर्यंत उतरलं तरी चालतं. बेअर्डेड ड्रॅगन ऊन खाणारा सरडा आहे, त्याची बसायची जागा ३८ ते ४२ अंश लागते आणि थंड बाजू २४ ते २७. क्रेस्टेड गेको ही पालीचीच आणखी एक जात मात्र उलट्या तऱ्हेची: तिला २२ ते २६ पुरतं आणि २८ च्या वर गेलं की त्रास सुरू होतो. एकासाठी लावलेली टाकी दुसऱ्याला चालत नाही हे या आकड्यांवरूनच कळेल. म्हणून आधी प्राणी ठरवायचा आणि मग टाकी घ्यायची. बहुतेकजण नेमकं उलटं करतात.

नुसता उबदार टोकाचा आकडा बरोबर आला म्हणून भागत नाही. दोन टोकांमधला फरक महत्त्वाचा. प्राणी ऊब घेतो, पुरेशी झाली की थंड बाजूला सरकतो, पुन्हा येतो. दिवसभर त्याचं हेच चालतं. लहान टाकीत मोठा दिवा लावला की सगळी टाकीच ३३ अंशांवर जाते. आकडा दिसायला बरोबर, पण पळायला जागा नाही. अशा टाकीतली पाल थंड टोकाच्या काचेला नाक लावून बसते किंवा काचेवर पाय घासत राहते, आणि मालकाला वाटतं तिला बाहेर यायचंय, खेळायचंय.

एका ओळखीच्या घरी असाच प्रकार होता. थर्मोस्टॅटवर (प्रोबचं तापमान बघून ऊब कमीजास्त करणारं यंत्र) ३२ लिहिलेलं, पाल आठवडाभर उपाशी. गनने मोजलं तर हीट मॅटवरची (टाकीखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई) फरशी ४१ अंश आणि दुसरं टोक ३० च्या आसपास. प्रोब झाकणाच्या जाळीतून आत सोडलेला, हवेत लोंबकळत होता. हवा ३२ व्हावी म्हणून थर्मोस्टॅट बिचारा मॅट तापवत राहिला. प्रोब खाली फरशीवर, मॅटच्या बरोबर वर टेपने पक्का केला आणि आकडा गन बघत बघत उतरवला. पालीला हातही लावला नाही. दोन-तीन दिवसांत तिने खायला सुरुवात केली.

यातून घ्यायचं ते एवढंच की थर्मोस्टॅटवरचा आकडा म्हणजे प्रोबच्या टोकाचं तापमान. दगडाचं तापमान गनच सांगणार. गनवर हवा तो आकडा येईपर्यंत थर्मोस्टॅट खालीवर करायचा. त्यावर २९ दिसतंय की ३५, याने काही बिघडत नाही.

थर्मोस्टॅट नसेल तर

तर पुढचं वाचायच्या आधी तो घ्या. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट ४५ अंशांच्या वर सहज जाते. पोटाखालची जागा भाजतेय हे कळून तिथून उठण्यात या प्राण्यांचा भरवसा नाही. पोटाची कातडी भाजून निघेपर्यंत ते तिथेच बसलेले सापडतात. वीज लावून तापणारे नकली दगड मिळतात, ते याच कारणासाठी घेऊ नयेत.

थर्मोस्टॅटही दिव्याप्रमाणे वेगळा लागतो. चालू-बंद होणारा साधा थर्मोस्टॅट मॅटला ठीक. तोच हॅलोजनला लावला तर दिवा दिवसभर लुकलुकत राहतो, सरडा बावचळतो आणि दिवाही लवकर जातो. हॅलोजनला उजेड कमीजास्त करणारा डिमिंग प्रकार घ्या, सिरॅमिक हीटरला पल्सवाला, म्हणजे वीज थोड्या थोड्या झटक्यांनी सोडणारा, चालतो. यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण देणारी) ट्यूब कधीही थर्मोस्टॅटवर लावू नका, तिला साधा टायमर पुरे. रात्रीसाठी म्हणून लाल दिवे विकले जातात. पाल-सरड्यांना तो उजेड दिसतो आणि त्यांची झोप मोडते. रात्री ऊब हवीच असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा.

बरं चाललेलं पुन्हा का बिघडतं

खरी डोकेदुखी इथे आहे. एकदा सगळं जुळतं, महिना-दीड महिना प्राणी छान खातो आणि अचानक बंद. मालक म्हणतो, "मी तर काहीच बदललं नाही." त्याने बदललेलं नसतं, पण बदललेलं असतं.

पहिला संशय प्रोबवर घ्या. लेपर्ड गेको रात्री टाकीत उकराउकरी करते, प्रोब ओढला जातो, टेप सुटते. टोक दोन बोटं सरकलं तरी दगडाचं तापमान चार-पाच अंशांनी बदलू शकतं. पाण्याच्या भांड्यात पडलेला प्रोब तर सर्वात वाईट. पाणी थंड, म्हणून मॅट थांबायचं नावच घेत नाही.

दुसरा संशय ऋतूवर. टाकी लावली तेव्हा खोली २६ अंशांवर होती, आता रात्री १८ वर जाते. तेवढ्याच वॅटचा दिवा पुरत नाही. उन्हाळ्यात याच्या उलट: खोलीच ३३ वर गेली की थर्मोस्टॅट मॅट बंद ठेवतो, उबदार बाजू ठीक राहते आणि थंड बाजू नाहीशी होते. तेव्हा कमी वॅटचा दिवा, जाळीचं झाकण, टाकी खोलीच्या गार भागात हलवणं हे उपाय. उन्हाच्या खिडकीत तर काचेची टाकी कधीच ठेवू नये. उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीसारखी ती आतल्या आत तापते आणि तिथे थर्मोस्टॅटही हतबल होतो. खोलीचा ऋतू बदलला की तिन्ही ठिकाणी पुन्हा मोजायचं, यावाचून गत्यंतर नाही.

तिसरं, तळाचा थर. सुरुवातीला फरशी होती, मग छान दिसावं म्हणून चार बोटं माती-वाळू घातली. आता मॅटची उष्णता वर पोचत नाही, खाली साठते, कधी काचही तडकते. जाड थर हवा असेल तर उष्णता वरून, दिव्याने द्या. पहिले काही आठवडे तर साधा टिश्यू पेपर किंवा फरशीच बरी. पोट साफ होतंय की नाही ते लगेच दिसतं, आणि किड्याबरोबर वाळू गिळली जाण्याची भीती नाही. कॅल्शियमची वाळू म्हणून विकली जाणारी रंगीत वाळू लहान पिलांना तर नकोच. पोटात गोळा होऊन अडकते.

चौथं कारण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्त लिहितो. यूव्हीबी ट्यूब. या किरणांमुळे कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. ट्यूबचा पांढरा उजेड वर्षानुवर्षं टिकतो, यूव्हीबी मात्र त्याआधीच उतरत जाते. टी-५ प्रकारची बारीक ट्यूब साधारण १२ महिन्यांनी आणि वेटोळ्याचा छोटा बल्ब ६ महिन्यांनी बदलावा, उजेड कितीही लख्ख दिसत असला तरी. ट्यूबवर लावल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. साध्या खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही, त्यामुळे "आमच्याकडे खिडकीतून ऊन येतं" हे उत्तर होत नाही. बारीक जाळीही तिचा बराचसा भाग, कधी निम्म्याच्या आसपास, अडवते. म्हणून जाळीच्या वर ट्यूब ठेवायची की आत, त्याप्रमाणे अंतर बदलतं. बेअर्डेड ड्रॅगनला जोरदार ट्यूब, टाकीच्या निम्म्याहून जास्त लांबीची लागते. लेपर्ड गेको संधिप्रकाशात वावरते, तिला सौम्य ट्यूब पुरते, शिवाय सावलीची जागा हवीच. खाणं मंदावलंय आणि सोबत बोटं किंवा पाय थरथरतात, जबडा मऊ लागतो, पाय वाकडे दिसतात, असं असेल तर हाडांचा आजार सुरू झालाय. इथे टाकी दुरुस्त करून थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

उष्णता बरोबर आहे, तरी खात नाही

मग लपायच्या जागा बघा. एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला, आणि लेपर्ड गेको असेल तर मध्ये एक ओलसर. एकच गुहा असली आणि तीही थंड बाजूला, तर भित्र्या पालीला रोज निवड करावी लागते: लपायचं की ऊब घ्यायची. ती लपणं निवडते. गुहा अंगाला चारी बाजूंनी लागेल इतकी घट्ट असावी. माणसाला ती अडचणीची वाटते, पालीला तीच सुरक्षित वाटते. तिन्ही बाजूंनी उघडी काच असेल तर मागून आणि बाजूंनी गडद कागद लावा. नुसत्या तेवढ्याने बुजरे प्राणी बाहेर यायला लागतात.

ओलसर गुहा कात टाकण्यासाठी. झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओला टिश्यू किंवा मॉस ठेवला की झालं. कात टाकायच्या आधी पाल पांढुरकी, निस्तेज दिसते आणि एक-दोन दिवस खात नाही. त्यात काळजीचं काही नाही. लेपर्ड गेको स्वतःची कात खाऊनही टाकते, त्यामुळे टाकीत ती सापडली नाही म्हणून शोधत बसू नका. बोटांची टोकं मात्र भिंगातून बघावीत इतकी नीट बघा. तिथे जुन्या कातीची पातळ अंगठी राहिली की ती सुकत सुकत आवळते आणि बोट काळं पडून गळतं. कोमट पाण्यात, पोट जेमतेम बुडेल एवढ्यात, १५-२० मिनिटं ठेवून ओल्या कापसाच्या काडीने हलकेच फिरवत सोडवायची. ओढायची नाही. डोळ्यावर अडकलेली कात घरी काढू नये.

लेपर्ड गेको आणि बेअर्डेड ड्रॅगन दोघांनाही एरवी ३० ते ४० टक्के आर्द्रता पुरते. क्रेस्टेड गेकोला रात्री फवारणी करून ती ७०-८० पर्यंत न्यायची आणि दिवसा टाकी बऱ्यापैकी वाळू द्यायची. सतत ओलीचिंब टाकी कुणालाच मानवत नाही.

किडे

किड्याची लांबी प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढी, त्याहून मोठा नको. देण्याआधी एक-दोन दिवस त्या किड्यांनाच नीट खाऊपिऊ घाला आणि वरून कॅल्शियमची पूड लावा. न खाल्लेले रातकिडे रात्रभर टाकीत सोडू नका. उपाशी रातकिडे झोपलेल्या पालीच्या बोटांना आणि डोळ्यांना चावतात, आणि एकदा चावले की ती रातकिड्यांनाच घाबरते. अंगणातून पकडलेले किडेही टाळा, त्यांच्यावर कसली फवारणी झालीय ते कळत नाही. काजवा तर चुकूनही नको. त्यातलं विष बेअर्डेड ड्रॅगनचा जीव घेऊ शकतं. ज्या खोलीत टाकी आहे तिथे कीटकनाशक फवारू नका, हे ओघानेच आलं.

लेपर्ड गेकोला भूक आहे की नाही ते तिच्या शेपटीवरून कळतं. चिमट्यात किडा धरून समोर हळू हलवा. भुकेली पाल मान उचलते, अंग जमिनीलगत करते, आणि शेपटीचं टोक झरझर थरथरवते, मग झडप. थंड पडलेली पाल किडा बघते, मान वळवते, पण शेपूट हलत नाही. थरथर दिसली आणि तरी झडप घालत नसेल, किंवा घालून सारखी चुकत असेल, तर तोंड आणि डोळे तपासून घ्यायला हवेत.

बेअर्डेड ड्रॅगनची पिल्लं मुख्यतः किडे खातात आणि मोठेपणी मुख्यतः पालेभाज्या. वाढता ड्रॅगन किडे कमी करतोय म्हणजे आजारी आहे असं नव्हे. पालक रोज देऊ नये, त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवतं. अवोकॅडो अजिबात नको.

किती दिवस वाट बघायची

आणल्यावर पहिले एक-दोन आठवडे हातात घेणं पूर्ण बंद. पाहुण्यांना दाखवणं, फोटोसाठी बाहेर काढणं, सगळं. पहिले दोन-तीन दिवस खायला मिळालं नाही तरी चालेल, पाणी मात्र रोज ताजं. सोबत म्हणून दुसरी पाल आणायचा विचार करत असाल तर थांबा. या प्राण्यांना सोबत लागत नाही, आणि एका टाकीत दोन असल्या की दुबळी उपाशी राहते. आधीच दोन आणल्या असतील आणि त्यातली एक खात नसेल, तर तुमचं उत्तर तेच आहे. आजच वेगळ्या करा.

दिवस मोजण्यापेक्षा वजन मोजा. ग्रॅम दाखवणारा काटा, वर एक डबा, आठवड्यातून एकदा. धडधाकट, जाड शेपटीची प्रौढ लेपर्ड गेको दोन-तीन आठवडे न खाता राहिली आणि वजन टिकून असलं तर घाबरायचं कारण नाही. शेपटीत चरबी साठवलेली असते. अंडी धरायच्या काळात माद्या, आणि थंडीत बेअर्डेड ड्रॅगन, खाणं कमी करतात हेही खरं. ड्रॅगनची मादी नराशिवायही अंडी घालू शकते. ती कोपरे उकरत फिरत असेल तर ओलसर वाळू-मातीचा खोल डबा ठेवा. पिल्लाच्या बाबतीत मात्र एवढा धीर धरू नका. आठवडाभर काही नाही म्हणजे डॉक्टर.

वजन दहा टक्क्यांनी उतरलं, शेपूट काडीसारखी होत चालली, विष्ठा पातळ किंवा दुर्गंधीची आहे, खाल्लेलं उलटतंय, तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, यांपैकी काहीही असेल तर टाकीचे प्रयोग बंद. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यच हवा. कुत्र्या-मांजरांच्या औषधांचे डोस इथे लागू पडत नाहीत. जाताना शक्य तितकी ताजी विष्ठा छोट्या बंद डबीत न्या, जंतांची तपासणी त्यावरच होते. सोबत टाकीचा फोटो, तिन्ही ठिकाणचे गनचे आकडे, आठवड्यांची वजनं आणि यूव्हीबी ट्यूबची तारीख. चांगला डॉक्टर पहिली दहा मिनिटं हेच विचारतो. प्राण्याला भोकं पाडलेल्या डब्यात टिश्यूवर ठेवून न्या, डबा कापडाने झाका. परत आल्यावर हात साबणाने धुवा, कारण निरोगी दिसणाऱ्या पालीच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. टाकीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या हातात पाल देऊ नका.